एक पाखरू, नावे अनेक

मे महिन्यातील एक संध्याकाळ. कोल्हापूरकडच्या एका गावी देवळाच्या ओसरीवर आमचा वाचनवर्ग भरला होता. सगळ्यांनी पुस्तके उघडली होती. इतक्यात शेजारच्या कुंपणातून आवाज आला, 'कुप्, कुप्, कुप्, कुप्...'

वर्गातले आबा म्हणाले, "कुंभारकावळा बोलतोय बघा."

एका आजीने लगेच हात जोडले. "कावळा काय म्हणता? भारद्वाज म्हणावं त्याला. त्याचं दर्शन झालं की दिवस चांगला जातो."

कोपऱ्यात एक नवी सून बसली होती. ती सिंधुदुर्गातून लग्न होऊन या गावी आलेली. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे तेका कुकुडकोंबो म्हणतत."

सगळी ओसरी हसली. कोणी म्हणाले, "कोंबो! ह्यो काय कोंबडा हाय व्हय?" सून ओशाळली. तिने पदर सारखा केला आणि मान खाली घातली. वाचायची पाळी आली तरी त्या संध्याकाळी तिने तोंड उघडले नाही.

आम्हांला वाईट वाटले. सुनेचे काहीच चुकले नव्हते. आबांचे चुकले नव्हते, आजींचेही नव्हते. पाखरू एकच होते. त्याची नावे तीन होती, आणि तिन्ही खरी होती.

मग एका पाखराला इतकी नावे कशी पडली? ती कोणी ठेवली? दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात हीच गोष्ट काढली. तीच येथे लिहीत आहोत.

पाहिले तसे नाव

आधी ते पाखरू नीट पाहू या. त्याचे अंग कावळ्यासारखे काळे. डोळे गुंजेसारखे लाल. पंख मात्र तांबूस, भट्टीतून काढलेल्या नव्या मडक्यासारखे. हे पंख पाहिले की कुंभारकावळा हे नाव पटते. कोणाला तोच रंग सोन्यासारखा वाटला. म्हणून काही लोक त्याला सोनकावळा म्हणतात.

हे पाखरू फार उंच उडत नाही. कुंपणाखाली, झुडपात, बांधावर ते कोंबडीसारखे चालत फिरते. किडे, गोगलगाई, सरडे, उंदराची पिले असे काहीबाही टिपून खाते. कोकणातल्या माणसाने त्याची चाल पाहिली आणि त्याचा आवाज ऐकला. मालवणी बोलीत कोंबड्याला कोंबो म्हणतात. म्हणून तो कुकुडकोंबो झाला. भारद्वाज हे नाव संस्कृतातले. ते ऋषींचेही नाव आहे. म्हणून त्यात आदर आहे. हिंदी बोलणारे लोक याच पाखराला महोख म्हणतात.

गंमत अशी की हे पाखरू कावळाही नाही आणि कोंबडाही नाही. ते कोकिळेच्या कुळातले आहे. पण कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते. भारद्वाज तसे करीत नाही. तो आपले घरटे आपण बांधतो आणि आपली पिले आपण वाढवतो.

म्हणजे पाहा, एकाने रंग पाहिला, एकाने चाल पाहिली, एकाने मान दिला. ज्याला जे दिसले, ते त्याने नावात ठेवले.

ऐकले तसे नाव

काही पाखरे आपले नाव आपणच सांगतात. कावळा 'काव काव' करतो, म्हणून कावळा. संस्कृतात तो काक आहे. गुजरातीत कागडो, कानडीत कागे आणि तमिळमध्ये काक्का. मुलूख बदलला, भाषा बदलली, पण 'का' काही सुटला नाही. कारण कावळा सगळीकडे तसाच ओरडतो.

टिटवीचेही तसेच. आपण टिटवी म्हणतो, हिंदीत टिटहरी म्हणतात, गुजरातीत टिटोडी म्हणतात. संस्कृतात टिट्टिभ. पंचतंत्रात टिट्टिभाच्या जोडप्याची गोष्ट आहे. समुद्राने त्यांची अंडी नेली, तेव्हा ते समुद्राशी भांडायला उभे राहिले. इतके जुने हे नाव आहे.

पण सगळ्यांत नवल पावशाचे. वळिवाचे दिवस आले की हा पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडू लागतो. रात्रीसुद्धा थांबत नाही. आवाज दर वेळी चढत जातो. आपला शेतकरी तेव्हा नांगरट करून आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याला त्या आवाजात ऐकू येते, 'पेरते व्हा! पेरते व्हा!' पाऊस घेऊन येतो, म्हणून त्याचे नाव पावशा.

हाच पक्षी उत्तर भारतात पपीहा होतो. तिकडच्या लोकांना त्याच्या ओरडण्यात 'पी कहाँ?' असे ऐकू येते. म्हणजे 'माझा प्रियकर कुठे आहे?' बंगालमध्ये तोच आवाज 'चोख गेलो' असा ऐकू येतो. म्हणजे 'डोळे गेले!' इंग्रज साहेब या देशात आले. उन्हाळ्याच्या रात्री त्यांना झोप लागेना. त्यात हा चढता आवाज. त्यांना वाटले, हा तर 'ब्रेन फीव्हर' म्हणतो आहे. म्हणजे मेंदूचा ताप! त्यांनी त्याचे नावच ब्रेन फीव्हर पक्षी ठेवले.

पक्षी एकच आणि त्याचा गळाही एकच. शेतकऱ्याला पेरणी ऐकू आली, विरहिणीला प्रियकर ऐकू आला आणि साहेबाला ताप ऐकू आला. आपल्या मनात जे असते, तेच कानांत येते.

खरे म्हणाल तर पावशा यांतले काहीच म्हणत नाही. तो त्याचा विणीचा हंगाम असतो. नर ओरडून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला सांगतो, 'ही जागा माझी आहे.' मादी आपले अंडे सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात गुपचूप घालते. म्हणून पावशाच्या हाकेवर भरवसा ठेवून पेरणी करू नका. हाक पावसाच्या आधीच सुरू होते. जमिनीत पुरेशी ओल झाली की नाही ते हाताने पाहा, मगच पेरा. पावशा मात्र सुरवंट खातो. त्या अर्थी तो शेतकऱ्याचा मित्रच आहे.

पाखरांचा गावगाडा

गावात जसे कारागीर असतात, तसे आपल्या लोकांनी पाखरांतही पाहिले. झाडाच्या खोडावर चोचीने ठोकतो, तो सुतार. दोन पाने चोचीने टाचून त्यांत घरटे करतो, तो शिंपी. उन्हाळ्यात भर दुपारी 'टुक टुक टुक' असा आवाज काढतो, तो तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसाच तो आवाज असतो. नदीकाठच्या धोंड्यांवर शेपटी वरखाली आपटत फिरतो, तो परीट. काही ठिकाणी त्याला धोबी म्हणतात.

या गावाला पोलीसही आहे. त्याचे नाव कोतवाल. अंगाने काळा कुळकुळीत आणि शेपूट टोकाला दुभंगलेली. गुरांच्या पाठीवर बसून हिंडतो आणि उडणारे किडे पकडतो. पक्षी लहान, पण हिंमत मोठी. घरट्याजवळ कावळा किंवा घार आली तर तिला टोचून पळवून लावतो. म्हणून होले आणि इतर गरीब पाखरे त्याच्या झाडावर घरटी करतात. हे ज्याने पाहिले, त्यानेच त्याला कोतवाल म्हटले असणार. अशी नावे घरात बसून सुचत नाहीत.

सातभाईंचे पाहा. मळकट रंगाची ही पाखरे सहा-सात, कधी दहा मिळून हिंडतात. खाली पाला उलथतात आणि सारखा कलकलाट करतात. आपण त्यांना सातभाई म्हणतो. बंगालमध्येही सातभाई म्हणतात. इंग्रजांनी मात्र त्यांना सात बहिणी म्हटले! कलकलाट भावांचा की बहिणींचा, हे ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवले.

नाव फसवते तेव्हा

नाव जुने असले म्हणजे ते बरोबरच असते, असे नाही.

सुगरण घ्या. विहिरीवरच्या बाभळीला तिची घरटी लोंबत असतात. काय ती वीण, काय तो झोका! जी बाई घर आणि चूल उत्तम सांभाळते तिला आपण सुगरण म्हणतो. म्हणून या पाखरालाही तेच नाव दिले. हिंदीत त्याला बया म्हणतात, गुजरातीत सुगरी म्हणतात. पण घरटे विणतो कोण? नर विणतो. तो अर्धे घरटे बांधतो आणि मादीला बोलावतो. मादी येते, घरटे पाहते. पसंत पडले तर राहते, नाही तर निघून जाते. मग बिचारा दुसरे विणायला घेतो. वर्गात हे सांगितल्यावर बायका पोटभर हसल्या आणि पुरुष एकमेकांकडे पाहू लागले.

वेडा राघू तर वेडाही नाही आणि राघूही नाही. हिरवा रंग पाहून लोकांनी त्याला राघू म्हटले. तारेवरून एकदम उडतो, हवेत गिरकी घेतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, म्हणून वेडा म्हटले. पण त्या गिरकीत त्याने एक माशी पकडलेली असते. आपले पोट भरणाऱ्याला वेडा कसे म्हणावे?

'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो. पण 'कुहू कुहू' करणारा नर असतो. तो काळा. मादी ठिपक्यांची असते आणि ती 'किक् किक्' असे ओरडते.

कधी उलटेही होते. पाखरे दोन आणि नाव एक. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हुदहुद तुम्ही पाहिला असेल. त्याची चोच लांब असते. काही गावांत त्यालाही सुतारच म्हणतात. पण खरा सुतार खोडावर ठोकतो आणि हुदहुद जमिनीत चोच खुपसतो. मातीतल्या अळ्या तो वेचून खातो. 'आमच्या रानात सुतार आला' असे कोणी म्हणाले, तर विचारायला हवे, 'खोडावर की मातीत?'

नावेही गावोगाव फिरतात

माणसे कामाला, लग्नाला, व्यापाराला परमुलखात जातात. त्यांच्याबरोबर नावेही जातात.

पारवा हा शब्द संस्कृतातील पारावत या शब्दावरून आला. कबूतर हा शब्द फारसी भाषेतून आला. आता दोन्ही शब्द मराठीत सुखाने नांदतात. बुलबुलसुद्धा फारसी शब्द आहे. पण इराणातला बुलबुल वेगळा. तो साध्या तपकिरी रंगाचा, गोड गाणारा पक्षी. तिकडच्या कवींनी त्याची आणि गुलाबाची प्रीत गायली. आपल्याकडे ते नाव आले आणि काळ्या डोक्याच्या, शेपटीखाली लाल असलेल्या दुसऱ्याच पाखराला चिकटले.

आपली साळुंकी हिंदीत मैना होते, बंगालीत शालिक होते, गुजरातीत काबर होते. गुजरातेत कामाला गेलेल्या माणसाने 'साळुंकी, साळुंकी' म्हटले तर तिथे कोणाला कळणार नाही. पण पिवळ्या चोचीकडे बोट दाखवले की लगेच ओळख पटेल.

आपल्याकडची नावे साता समुद्रापारही गेली आहेत. मैना, बया, सारस, शिक्रा ही नावे इंग्रजांनी उचलली. आज इंग्रजी पुस्तकांत ती तशीच छापतात.

नावावरून जीव जातो

इथपर्यंत सगळी गंमत झाली. आता एक गंभीर गोष्ट सांगतो.

नाव नुसती ओळख देत नाही. नाव चांगले किंवा वाईट ठरवून टाकते. आजींनी भारद्वाज म्हटले आणि हात जोडले. त्या पाखराला गावात कोणी दगड मारत नाही. घुबडाचे मात्र नाव काढले की लोक थुंकतात. घुबड घरावर बसले तर माणूस मरतो, असे म्हणतात. पोरे दगड घेऊन त्याच्या मागे लागतात. कोणी ते जादूटोण्यासाठी पकडतात आणि विकतात.

तेच घुबड बंगालमध्ये लक्ष्मीचे वाहन आहे. पांढऱ्या तोंडाच्या घुबडाला तिकडे लक्ष्मीचे घुबड असेच म्हणतात. ते घरापाशी आले तर लोकांना आनंद होतो. पाहा, पाखरू तेच. एका मुलखात त्याला लक्ष्मीचा मान मिळतो आणि दुसऱ्या मुलखात दगड मिळतात.

आपल्या मराठीत याच घुबडाला गव्हाणी घुबड असे छान नाव आहे. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. गोठा, पडका वाडा, धान्याची वखार अशा जागी ते राहते. का राहते? तिथे उंदीर असतात म्हणून. रात्रभर ते उंदीर मारते. उंदीर आपले किती धान्य खातो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. बंगाली माणसाने त्याला लक्ष्मीजवळ बसवले, ते काही उगीच नाही. आणि ध्यानात ठेवा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घुबड पकडणे, मारणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

टिटवी रात्री ओरडली की आपल्याकडे अपशकुन मानतात. पण टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. कोल्हा, कुत्रा किंवा माणूस जवळ आला की ती घाबरून ओरडते. ती आईची हाक असते. त्यात कोणाच्या मरणाचा निरोप नसतो.

सगळ्यांना कळेल असे नाव

एवढी नावे असल्यावर दूरदूरच्या लोकांनी एकमेकांशी बोलायचे कसे? ही अडचण अभ्यास करणाऱ्यांनाही आली. स्वीडन देशातील कार्ल लिनियस नावाच्या विद्वानाने एक तोड काढली. प्रत्येक प्राण्याला लॅटिन भाषेत दोन शब्दांचे नाव द्यायचे आणि ते साऱ्या जगाने मानायचे. १७५८ मध्ये त्याने आपल्या ग्रंथात प्राण्यांना अशी नावे दिली. आपल्या चिमणीचे तसले नाव आहे पासर डोमेस्टिकस. त्याचा अर्थ घरातली चिमणी. म्हणजे विद्वानानेही तेच पाहिले, जे आपल्या आजीने पाहिले.

पण लॅटिन नाव आले म्हणून गावचे नाव टाकून द्यायचे नसते. मारुती चितमपल्ली हे आपल्याकडचे मोठे वनअधिकारी आणि लेखक. त्यांचा जन्म १९३२ चा आणि मृत्यू २०२५ चा. विदर्भाच्या जंगलांत ते वर्षानुवर्षे राहिले. तिथल्या आदिवासींना, कोळ्यांना, गुराख्यांना ते पाखरांची नावे विचारत आणि वहीत लिहून घेत. पुढे त्यांनी मराठीत 'पक्षीकोश' लिहिला. ज्यांना शाळा मिळाली नव्हती अशा माणसांचे ज्ञान त्यांच्या लिहिण्यामुळे पुस्तकात आले.

आता आपली पाळी

माळढोक नावाचा मोठा पक्षी आहे. माळावर राहतो म्हणून माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड म्हणतात. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य केले. तरी माळ कमी झाले आणि पक्षीही कमी झाले. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. सोलापूरकडच्या म्हाताऱ्यांनी तो पाहिला आहे. त्यांच्या नातवंडांनी फक्त नाव ऐकले आहे.

पाखरू गेले की काही वर्षांनी त्याचे नाव जाते. आणि कधी पाखरू असते, पण नाव सांगणारे माणूस जाते. मग पोरे नुसते 'पाखरू' म्हणतात. ज्याला नाव नाही, ते गेले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एवढे बोललो आणि खडू त्या सुनेच्या हाती दिला. ती लाजली. मग उठली. फळ्यावर तिने एकेक अक्षर जपून काढले, 'कुकुडकोंबो'. आबांनी ते मोठ्याने वाचले. वाचून म्हणाले, "खरंच की. चालतोय कोंबड्यावानीच." मग ते स्वतः उठले आणि त्याखाली लिहिले, 'कुंभारकावळा'. आजींनी 'भारद्वाज' लिहिले. 'भा' चुकला, तो पुसून पुन्हा लिहिला. मग कोणी होला लिहिला, कोणी खंड्या, कोणी पिंगळा. फळा भरला. त्या रात्री सुनेने धडा वाचला आणि चांगला वाचला.

तुम्हीही असे करून पाहा.

एक वही घ्या. तुमच्या शिवारातले एक पाखरू ठरवा. त्याचा रंग, चाल, आवाज आणि खाणे लिहा. त्याला तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा. मग शेजारी विचारा. माहेरून आलेल्या सुनेला विचारा. ऊसतोडीला आलेल्या माणसाला विचारा. मेंढरे घेऊन आलेल्या धनगराला विचारा. ते जे नाव सांगतील ते त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहा. शुद्ध-अशुद्ध पाहू नका. हसू तर मुळीच नका. नावापुढे गावाचे नाव लिहा. ते नाव का पडले हे कोणाला ठाऊक असेल तर तेही लिहा.

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. त्यांना जेवढी नावे येतात, तेवढी दुसऱ्या कोणाला येत नाहीत. त्यांना लिहिता येत नसेल, पण तुम्हांला आता येते.